राग नव्हता तो

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरकडे जाताना मुद्दाम वाकडी वाट करून जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसमोरून गेले. खाली आता गाद्यांचं दुकान झालंय. वरच्या मजल्यावर ज्या लांबलचक खोलीत आम्ही चौदा जणी एका रांगेत बसायचो, तिच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेत. दुकानदार दारातच उभा होता. म्हणाला, "वर गोडाऊन आहे, बाई. काही हवंय का?" मी नको म्हटलं आणि पुढे निघाले. डॉक्टरकडे तासभर थांबावं लागलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या खोलीतच बसले होते.

एकोणीस वर्षांची असताना मी तिथं लागले. समोर भिंतीएवढा लाकडी बोर्ड, त्यात छिद्रांच्या ओळीच्या ओळी आणि प्रत्येक छिद्रावर शेंगदाण्याएवढा दिवा. दिवा लागला की वायरच्या दोरीचं टोक त्या छिद्रात खुपसायचं, "नंबर?" विचारायचं, दुसरी दोरी हव्या त्या नंबरात घालायची आणि दोन्हीकडची माणसं लाईनवर आली की "बोला" म्हणून बाजूला व्हायचं. परगावच्या कॉलला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मध्येच जाऊन तसं सांगायचं. हेडफोनच्या पट्टीनं माझ्या केसांत जी खाच पडली, ती बोर्डावरचं काम सुटल्यावरही दोन वर्षं गेली नाही. उन्हाळ्यात खोलीला तापलेल्या वायरींचा आणि चौदा जणींच्या पावडरचा वास यायचा.

माझ्या डाव्या हाताला काकू बसायच्या. त्या कुणाच्याच काकू नव्हत्या, पण त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या सुपरवायझर बाईसुद्धा त्यांना काकूच म्हणायच्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पायाशी कायम एक उशी, कारण पाय जमिनीला टेकायचे नाहीत. माझा आवाज बारीक, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'चिमणी' ठेवलं आणि ते मला जन्माचं चिकटलं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एका माणसानं मला लाईनवर झापलं. "किती वेळ? झोपा काढता का? मला ते... वॉर्ड चार... लावा ना लवकर, तो वॉर्ड..." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी थंडपणे म्हटलं, "नीट बोला, नाहीतर लाईन बंद करते." तेवढ्यात काकूंनी आपली दोरी माझ्या बोर्डात घातली आणि म्हणाल्या, "लगेच देते, दादा. लाईन सोडू नका." आणि अर्ध्या मिनिटात त्याला दवाखाना जोडून दिला.

मी फुरंगटून म्हटलं, "एवढं रागानं बोलणाऱ्याला दादा काय म्हणायचं?"

"तो रागावला नव्हता. भ्याला होता."

"ओरडत होता की."

"दोघंही ओरडतात. पण रागावलेला माणूस वाक्य पुरं करतो. त्याला तुला ऐकवायचं असतं. भ्यालेल्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं, कारण त्याला उत्तर ऐकायचं असतं. पुढच्या वेळी नुसतं शेवटाकडे लक्ष दे."

मी लक्ष देऊ लागले. खरंच तसं होतं. मग आमचा तो खेळच झाला. कामाची गर्दी कमी असली की काकू हळूच विचारायच्या, "आत्ताची बाई कशी होती?" मी म्हणायचे, "खूश. सारखी हसत होती." त्या म्हणायच्या, "खूश माणूस बोलून झाल्यावर हसतो. ही बोलायच्या आधी हसत होती. संकोच आहे तो. काहीतरी मागायचंय तिला." काळजीत असलेला माणूस एकच गोष्ट दोनदा विचारतो आणि घाईत असलेला उत्तर ऐकायलाच थांबत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. कधीकधी त्या चुकायच्याही. एका गृहस्थांना मोठा शोक झालाय म्हणून त्यांनी त्यांचा कॉल तातडीनं पुढे काढला आणि मग कळलं की बिचाऱ्यांना नुसती सर्दी झाली होती. ते तर लोकरीच्या कारखान्याला मालाची ऑर्डर देत होते. त्या दिवशी आम्ही सगळ्या जणी पोट धरून हसलो, काकू सर्वांत जास्त.

त्या वर्षी आमच्या घरात मात्र हसणं कमी होतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आई घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची; कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आमची खोली एक, कपाट एक, आरसा एक. झोपायच्या आधी दिवसभरातलं सगळं एकमेकींना सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडायचं नाही. निदान मला तसं वाटत होतं. मग एक दिवस पोस्टमननं तिच्या नावाचं लांब पाकीट आणलं. परगावच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. फॉर्म तिनं तीन महिन्यांपूर्वी भरला होता. आईला माहीत होतं. शेजारच्या मास्तरांना माहीत होतं, कारण सही त्यांची होती. मला तेवढं माहीत नव्हतं.

मी एक अक्षर बोलले नाही. ती बॅग भरत होती तेव्हा मी खिडकीत बसून नखं कापत होते. निघताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी खांदा काढून घेतला. ती गेली.

तिची पत्रं आली. मी हातात घेतली नाहीत. आई मोठ्यानं वाचायची आणि मी शेजारच्या खोलीत जाऊन बसायचे. दार लावून घ्यायला मात्र दर वेळी विसरायचे.

घरी फोन नव्हता. खालच्या मजल्यावर औषधांचं दुकान होतं, तिथं ताई रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला कॉल लावायची आणि आई सव्वादहापासूनच खाली जाऊन स्टुलावर बसायची. माझी ड्यूटी रविवारी सकाळची असायची. त्यामुळे जे व्हायचं ते झालं. एका रविवारी तिकडच्या ऑपरेटरनं मला औषधाच्या दुकानाचा नंबर सांगितला आणि माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. मी नंबर लावला. आईनं फोन घेतला. दोन्ही लाईन जुळल्या आणि मी म्हटलं, "बोला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ताई म्हणाली, "आई?"

पुढचे सात महिने मी माझ्या सख्ख्या बहिणीशी एवढंच बोलत होते. चौदा जणींतून कॉल माझ्याकडेच येईल असं नसायचं. कधी रांगेच्या टोकाला बसणाऱ्या उंच बाईंकडे जायचा, कधी काकूंकडे. माझ्याकडे आला की "बोला" आणि नंतर "तीन मिनिटं झाली". जन्मात कधी तिला अहो-जाहो केलं नव्हतं, ते सरकारी कामात करत होते. आणि दुसऱ्या कुणाकडे कॉल गेला की उरलेला दिवस माझे नंबर चुकायचे.

हे काकूंच्या लक्षात आल्याशिवाय थोडंच राहणार? चहाच्या सुट्टीत त्यांनी मला मागच्या जिन्यात गाठलं. तिथं आम्ही पायऱ्यांवर बसून चहा प्यायचो.

"चिमणे, औषधाच्या दुकानात कोण आहे गं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. शेवटी म्हटलं, "मला तिचा राग आलाय, काकू. या जन्मात जाणार नाही."

काकूंनी बशीतला चहा संपवला. "किती महिने झाले?"

"पाच."

"राग पाच महिने टिकत नाही. राग फार कष्टाचं काम आहे, माणूस दमतो. आणि राग आलेल्याला समोरचा नजरेआड झाला की बरं वाटतं. तुला बरं वाटतंय?"

मी माझी बशी पायरीवर ठेवली.

"रविवारी तुझ्या बोर्डावर दिवा लागला की तू सरळ होऊन बसतेस. केस नीट करतेस. फोनवर केस कोणाला दिसतात? तो राग नाही, पोरी. तू रुसली आहेस. रागाला माणूस लांब हवा असतो. रुसव्याला जवळ हवा असतो, फक्त पहिलं पाऊल त्यानं टाकायला हवं असतं."

"तिनं मला सांगितलं नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला लहान मुलीसारखा ऐकू आला.

"नाही सांगितलं. ते वाईटच. पण दुखलंय ते म्हण ना. राग कशाला म्हणतेस? राग म्हटलंस तर औषध वेगळं लागतं."

मला ते पटलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्या संध्याकाळी पत्र लिहायला बसले, 'ताई' एवढं लिहिलं आणि कागद फाडला. रुसवा आहे हे कळलं म्हणून तो काही लगेच जात नाही.

साधारण महिन्याभरानं ताईचा आवाज बदलला. नियमाप्रमाणे आम्हाला संभाषण ऐकायची परवानगी नव्हती. पण लाईन नीट लागली का हे बघायला पहिले काही सेकंद आणि वेळ सांगताना शेवटचे काही सेकंद कानावर पडायचेच. तेवढ्यात मला जे ऐकू आलं ते दिवसभर कानातून जाईना. ती मजेत असल्यासारखंच बोलत होती. "इथं सगळं ठीक आहे. वॉर्डात काम भरपूर असतं. जेवण चांगलं असतं." तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की तिच्या बोलण्यात 'मी' कुठंच नाही. काम असतं, जेवण असतं, हवा बरी असते. ती स्वतः कुठंच नाही.

घरी आई म्हणाली, "तिला आपली आठवण येते, दुसरं काही नाही. पहिलं वर्ष असंच जातं." असं म्हणून आई शिवणावर वाकली.

सोमवारी मी काकूंना विचारलं. या वेळी खेळ म्हणून नाही.

"घरचं काय विचारते ती?" काकू म्हणाल्या.

"काही नाही. पूर्वी सगळं विचारायची. मांजराचं, मास्तरांचं. माझंसुद्धा विचारायची म्हणे. आता काहीच नाही."

"मग ती उदास नाही. उदास माणूस घरचं विचारून विचारून भंडावतो, त्याला तेवढाच आधार. आणि काही चूक केली असती, मन खात असतं, तर कुठंतरी बोलून गेली असती. त्याला सांगून मोकळं व्हायचं असतं." त्यांनी चष्मा पुसला. "ही लपतेय. शरमलेला माणूस असा बोलतो. आपल्याकडे कुणी बघू नये, एवढंच त्याला हवं असतं."

"कशाची शरम?"

"ते आवाजात नसतं. ते जाऊन विचारावं लागतं."

"मी जाऊ?"

"मी कशाला सांगू? मी तुझी काकू थोडीच आहे," त्या म्हणाल्या आणि हेडफोन चढवला.

बुधवारी मी सुट्टी टाकली. आईला सांगितलं, की ऑफिसच्या कामानं जाते. आईनं काही विचारलं नाही. फक्त ताईचा करडा स्वेटर कपाटातून काढून माझ्या पिशवीत घातला. "जातेच आहेस तर" एवढंच म्हणाली. ऑफिसच्या कामात स्वेटरचं काय काम, हे मी विचारलं नाही.

बसनं चार तास लागले. नर्सेसच्या होस्टेलच्या दारात चष्मा नाकावर घसरलेल्या एक बाई होत्या. त्यांनी वही दोनदा चाळली. "ही मुलगी इथं सहा आठवड्यांपासून राहत नाही," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "मागच्या बाजूला धुलाईघर आहे. तिथं विचारा."

धुलाईघर म्हणजे एक मोठी शेड. आत वाफ एवढी, की पहिल्यांदा मला नुसते पांढरे ढीग दिसले. मग ढिगांमध्ये ताई दिसली. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, हात लाल, केस कपाळाला चिकटलेले. ती एकटीनंच पलंगाच्या मोठ्या चादरीची घडी घालत होती. एक टोक हनुवटीखाली धरून.

तिनं मला पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला आणि तिनं मान खाली घातली. कामावरून पळून जाता येत नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली.

मी वाटेत काय काय जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी पिशवी खाली ठेवली, चादरीची दोन टोकं उचलली आणि मागे मागे गेले. चादर ताणली गेली. ती माझ्याकडे चालत आली, मी तिच्याकडे. टोकं तिच्या हातात दिली. खाली वाकून मधली घडी उचलली. पुन्हा मागे. अशा पाच-सहा चादरी झाल्या असतील. सातव्या चादरीला ती बोलली.

"एका म्हाताऱ्या बाईंना मी दुसऱ्याच बाईंचं औषध दिलं."

मी टोकं धरून थांबले.

"त्यांना काही झालं नाही. माझ्याच लक्षात आलं आणि मीच जाऊन सांगितलं. त्या बाईंचीही माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, झोप मात्र छान लागली. पण नियम तो नियम. सहा महिने काढून टाकलं. नंतर परत अर्ज करता येतो."

"मग हे घरी सांगायचं होतंस."

"चूक सांगता येते गं. त्या बाईंना सांगितली, मेट्रनना सांगितली. रडले, मोकळी झाले. पण तुम्हाला चूक सांगायची नव्हती. तुम्हाला सांगायचं होतं की मी अशी निघाले. एवढी कुणाला न विचारता, तोऱ्यात घर सोडून आले, तुला दुखवलं, आणि काय झाले तर ही." तिनं लाल हात थोडे पुढे केले. "आईला कसं दाखवू हे?"

चादर आमच्या दोघींच्या मध्ये लोंबत होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? तेव्हा, फॉर्म भरताना?"

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी गेलेच नसते. एवढंच. दुसरं काही कारण नाही."

सात महिने मी नाना कारणं शोधली होती. तिला मी लहान वाटते, तिला माझा कंटाळा आला, तिचं माझ्यावर कधी प्रेमच नव्हतं. हे एक कारण सोडून सगळी.

"आणि रविवारी फोन कशाला करायचीस," मी म्हटलं, "नुसतं ठीक आहे, ठीक आहे सांगायला?"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली. "आईला पत्रातूनही ठीक आहे लिहिता येतं. तुझी ड्यूटी रविवारची आहे, हे तिनंच लिहिलं होतं. तू 'बोला' म्हणायचीस. कधी तू लागायचीस, कधी नाही. नाही लागलीस की तो आठवडा तसाच जायचा."

मला रडू आलं. चादर धुतलेली होती, म्हणून मी ती डोळ्यांना लावली नाही, बाहीनंच डोळे पुसले. ताई म्हणाली, "ती घडी आधी पुरी कर, जमिनीला लागेल." आणि मग तीही रडायला लागली. पलीकडच्या टोकाला इस्त्री करणाऱ्या दोन बाया आमच्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीनं येऊन आमच्या हातातली चादर काढून घेतली.

पाच वाजता तिचं काम संपलं. आम्ही हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या बाकावर बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. तिनं स्वेटर घातला. तो तिला सैल होत होता. मी तिला घरी चल म्हटलं. ती नाही म्हणाली. "तशी आले तर परत जायचा धीर होणार नाही. तू आईला सांग. मला सांगवणार नाही. पण मी सांगायला सांगितलं म्हणून सांग."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून उशीत टोचल्या आणि म्हणाली, "मला वाटलंच. गेल्या तीनही वेळा फोन ठेवताना ती मला थँक्यू म्हणाली. आईला कुणी थँक्यू म्हणतं का?"

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर फोनच बंद झाला असता. निदान आवाज तरी येत होता. मी म्हटलं, दोघी बहिणींचं मिटलं की आपोआप कळेल." तिनं मशीनचं चाक फिरवलं. "मिटलं का?"

"हो," मी म्हटलं.

ताईनं सहा महिने धुलाईघरात काढले आणि परत अर्ज केला. तिला घेतलं. पुढे एकतीस वर्षं ती त्याच हॉस्पिटलात होती आणि शेवटची सहा वर्षं मेट्रन. एखाद्या शिकाऊ मुलीच्या हातून काही चुकलं की ती तिला शिक्षा द्यायची ती द्यायचीच, पण त्याच दिवशी स्वतः समोर बसून तिच्या घरी फोन लावायला लावायची.

एक्स्चेंज पुढे आपोआप चालणारं झालं. आम्हाला दुसऱ्या कचेऱ्यांत पाठवलं. बोर्ड तुकड्यातुकड्यांनी खाली नेला, तेव्हा उंच बाई रडल्या. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर ते काम मला परत नको आहे. मान आणि दंड इतके दुखायचे. दुःख म्हणावं असं त्यात काही नाही. पण संध्याकाळी कधी शेजारच्या घरातली बाई फोनवर बोलताना ऐकू आली की मी हातातलं काम थांबवून तिच्या वाक्याच्या शेवटाकडे लक्ष देते, आणि मग डाव्या हाताला बघते. याला हुरहूर म्हणावं. ती आली की मी तिला थोडा वेळ बसू देते.

काकू निवृत्त झाल्यावर गावाबाहेर त्यांच्या भाचीकडे राहायला गेल्या. एका शनिवारी दुपारी मी ताईला घेऊन त्यांना भेटायला गेले. ताई तेव्हा स्टाफ नर्स झाली होती. काकू ओट्यावर खुर्ची टाकून ऊन खात बसल्या होत्या; पाय तसेच लोंबत होते. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणं होईल. काकूंनी ताईला विचारलं, "तू नर्स ना? मग या गुडघ्याचं काय करायचं ते सांग." ताईनं खाली बसून दोन्ही गुडघे दाबून पाहिले, शेक कसा घ्यायचा ते दाखवलं, आणि पाऊण तास त्या दोघी सांध्यांवरच बोलत राहिल्या. मी भाचीला चहाचे कप धुवायला मदत केली.

परतीच्या बसमध्ये ताई म्हणाली, "ह्याच का त्या? आवाजावरून माणसाचं सगळं ओळखणाऱ्या? माझं तर त्यांनी काहीच ओळखलं नाही."

"ओळखण्यासारखं काही नसेल," मी म्हटलं.

"म्हणजे काय? मी काय दगड आहे?"

त्यावरून आमचं चांगलंच जुंपलं. मागच्या सीटवरचे आजोबा कौतुकानं ऐकत होते. घराजवळच्या थांब्यावर उतरताना ती म्हणाली, "माझी पिशवी धर," आणि मी धरली.